बाटली काळी का पडली?

मुलांनो, उर्दूत आपण नदीला 'दरिया' म्हणतो. मराठीत मात्र 'दर्या' म्हणजे समुद्र. तेव्हा मराठीच्या पेपरात 'पूस दर्या' असे लिहू नका, तपासणारे गुरुजी हसतील. नदीबरोबर मराठीतला आणखी एक शब्द शिकून घ्या, 'खोरे'. माती ओढण्याच्या अवजारालाही खोरे म्हणतात, पण नदीचे खोरे निराळे. ज्या जमिनीवर पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांनी वाहत शेवटी एकाच नदीला मिळतो, ती सगळी जमीन म्हणजे त्या नदीचे खोरे. नदी दोन कोस लांब असली तरी तुमच्या घराचे छप्पर, कापसाचे शेत, गावचा उकिरडा हे सारे खोऱ्यातच असते.

आपली पूस नदी वाशिम जिल्ह्यात उगम पावते. पुसद शहराजवळून ती आपल्या महागाव तालुक्यात येते आणि हिवरा संगम येथे पैनगंगेला मिळते. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या डोंगरातून आलेली असते. पुढे ती वर्धा नदीला मिळते. वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. म्हणजे आपल्या गावच्या नालीत सांडलेला साबणाचा फेस, वाटेत मुरला नाही तर, बंगालच्या उपसागराकडे निघालेला असतो!

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मी हे नकाशावर शिकवीत होतो. एका मुलाने हात वर केला. "सर, नदीचे पाणी हिवाळ्यात तर निवळशंख दिसते. मग ते खराब आहे हे कसे कळते?"

प्रश्न चांगला होता. आमच्या गावच्या जलसुरक्षकाकडून मी पाच लहान बाटल्या आणल्या. या बाटलीत आधीच एक औषध घातलेले असते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे आणि एक-दोन दिवस तशीच ठेवायची. पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असतील तर बाटलीत हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो आणि पाणी काळे पडते. नाही तर ते पिवळसरच राहते. मुलांनी एक बाटली गावाच्या वरच्या अंगाला नदीतून भरली, दुसरी गावाच्या खालच्या अंगाला. तिसरी नळाची, चौथी शाळेतल्या हातपंपाची. पाचवी उरली. मी म्हटले, "आमच्या घरच्या विहिरीची भरू. निदान एक तरी चांगली निघेल."

नदीच्या दोन्ही बाटल्या दुसऱ्या दिवशी सकाळीच काळ्या झाल्या. खालच्या अंगाची तर शाईसारखी. नळाची व हातपंपाची पिवळसर राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी वर्गात शिरलो तर मुले गप्प बसली होती. आमच्या विहिरीची बाटलीही काळी पडली होती.

मी ती बाटली घरी नेली. अम्मीने पाहिली आणि म्हणाली, "तुझ्या आजोबांपासून आपण हेच पाणी पितो. त्या बाटलीतच काही खोट असेल." मला काही बोलवेना. त्या पावसाळ्यात माझी धाकटी मुलगी जुलाबांनी बेजार झाली होती. तिला चार दिवस सलाईन लावावे लागले होते. मी बाजारातल्या बर्फाच्या गोळ्याला दोष दिला होता. संध्याकाळी टेप घेऊन अंतर मोजले. विहिरीपासून आमच्या संडासाचा खड्डा चोवीस फुटांवर होता. निदान पन्नास फुटांचे अंतर हवे, हे मी स्वतः फळ्यावर लिहून शिकवलेले!

विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायचे ठरले. गावात तिला टीसीएल म्हणतात. ती किती टाकायची, हे गणित मुलांनीच केले. विहिरीचा व्यास ३ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर. घनफळ २८.२६ घनमीटर, म्हणजे २८,२६० लिटर पाणी. हजार लिटरला सुमारे ५ ग्रॅम धरून १४१ ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून वरचे निवळ पाणी विहिरीत सोडले आणि एक तास थांबलो. कोरडी पावडर नुसती फेकली की ती तळाशी बसते. आणि डबा उघडा ठेवला तर तिच्यातले क्लोरीन उडून जाते, मग खडू टाकला काय नि ती टाकली काय!

पण पावडर म्हणजे काही संडासाचा खड्डा हलवणे नव्हे. ते काम खर्चाचे होते. उन्हाळ्यात ते केले. तोपर्यंत अम्मी नळाचेच पाणी पीत होती, कुरकुरत.

आता हातपंपाकडे वळू. त्याची बाटली काळी पडली नाही म्हणून मुले खूश झाली. मी त्यांना थांबवले. ही बाटली फक्त जंतू सांगते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते खडकातून पाण्यात उतरते, त्याला रंग नाही, वास नाही. लिटरमध्ये १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायले तर दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडे व सांधे आखडतात. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते आणि फ्लोराइड तेवढेच उरते. युरियासारख्या खतांतून येणाऱ्या नायट्रेटचेही तसेच. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. यासाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. आम्ही तो पाठवला.

फवारणीच्या औषधांची गोष्ट याहून गंभीर आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. असले औषध भरलेला पंप नाल्यावर धुणारा माणूस मी आजही पाहतो.

महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले आणि पाण्याच्या प्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ चा आहे. मंडळ नद्यांचे नमुने घेते व त्यांत विरघळलेला प्राणवायू मोजते. अंघोळीच्या पाण्यात तो लिटरला निदान ५ मिलिग्रॅम हवा. घाण कुजू लागली की जंतू तो खाऊन टाकतात आणि मासे तोंड वर काढून तडफडतात. ते भोई मंडळींना यंत्राशिवाय कळते. २०२२ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातल्या नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे जाहीर केले. त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रातले होते.

असे पट्टे सुधारतात का? युरोपात ऱ्हाइन नदीकाठी, बाझल शहराजवळ, १ नोव्हेंबर १९८६ रोजी रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवण्याच्या पाण्याबरोबर विष नदीत गेले आणि शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. खोऱ्यातल्या देशांनी १९८७ मध्ये मिळून योजना आखली. सामन मासा २००० सालापर्यंत परत आणायचा, असे त्यांनी ठरवले आणि तो आलाही. इतक्या लांब जायला नको. पैनगंगेच्या पलीकडे, नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी गाव आहे. तिथे घरोघर शोषखड्डे केले. खड्ड्यात छिद्रे असलेली टाकी, भोवती दगड, सांडपाणी तिथेच मुरते. नाल्या कोरड्या पडल्या आणि डासही गेले.

२२ जुलै २०२३ च्या पुरात आपल्या तालुक्यातल्या आनंदनगरात अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर मागवावे लागले होते. तसा पूर आला की उकिरडा, गोठा, संडास सगळ्यांचे पाणी एकच होऊन विहिरीत उतरते. म्हणून पावसाळा संपल्यावर आम्ही पुन्हा बाटल्या भरायला घेतल्या आहेत. यंदाच्या ऑक्टोबरात पाचही भरल्या. आमच्या विहिरीची तिसऱ्या दिवशीही पिवळसर होती. अम्मीने ती दिव्याजवळ धरून दोनदा पाहिली. नदीच्या दोन्ही मात्र काळ्याच निघाल्या.