चित्रांनी बोलू या

मित्रांनो, आणि शाळा बघायला आलेल्या आईबाबांनो,

माझा धाकटा भाऊ दुसरीत आहे. त्याला ऐकू येते, पण तो बोलत नाही. कोणी त्याला मुका म्हणतात, कोणी हट्टी म्हणतात. तो हट्टी नाही. त्याला स्वमग्नता आहे. अशा मुलांना मनातले सांगणे, माणसांत मिसळणे कठीण जाते. काहींना मोठा आवाज सहन होत नाही. बौद्धिक अक्षमता ही वेगळी; तिच्यात शिकायला, समजायला जास्त वेळ लागतो. काही मुलांत दोन्ही असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत ही दोन्ही आहेत.

दोन वर्षांपूर्वी माघ पौर्णिमेला आम्ही कचारगडच्या जत्रेला गेलो होतो. गुहेच्या वाटेवर ढोल वाजू लागले. भाऊ खाली बसला आणि स्वतःचाच हात चावू लागला. लोक म्हणाले, "का झालं याले?" मी त्याला ओढले, चापटही मारली. त्याला काय होते ते मला कळलेच नाही. आठवले की अजून वाईट वाटते.

पुढे गटसाधन केंद्रातून विशेष शिक्षिका बाई आल्या. त्यांनी चित्रांची कार्डे करायला शिकवले.

साहित्य : जुन्या लग्नपत्रिका, कात्री, रंगीत खडू, चिकटपट्टी, गळ्यात अडकवायची छोटी पिशवी.

कृती :
(१) तळहातावर मावतील असे चौकोन कापा.
(२) एका चौकोनावर एकच चित्र काढा. पाणी, भात, संडास, घर, दुखते, आवाज नको.
(३) वरून चिकटपट्टी लावा.
(४) सुरुवात एकाच कार्डाने करा. मुलाने कार्ड हातात दिले की ती वस्तू त्याला लगेच द्या.

आमच्याकडे पहिले कार्ड मुरमुऱ्यांचे होते!

चित्र देऊन वस्तू मागायची ही रीत १९८५ मध्ये अमेरिकेत अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी बसवली. आपल्या मुंबईच्या आय.आय.टी.ने 'जेलो' नावाचे मोफत ॲप केले आहे. चित्रावर बोट ठेवले की फोन बोलतो, मराठीतसुद्धा. पण फोनची बॅटरी संपते. शिवाय आमची आजी गोंडी बोलते. कागदावरचे चित्र मात्र तिलाही कळते, मलाही कळते.

काही जण म्हणतात, चित्रांची सवय लागली तर पोरगा बोलणारच नाही. तसे होत नाही, असे अभ्यासातून दिसले आहे.

यंदाच्या जत्रेत ढोल वाजताच भावाने पिशवीतून 'आवाज नको'चे कार्ड काढून माझ्या हातात दिले. मी त्याला दूर झाडाखाली नेले, कानांत कापूस घातला. थोड्या वेळाने त्याने दुसरे कार्ड दिले. मला वाटले घराचे असेल. पाहते तर गुहेचे! मग आम्ही दोघे वर चढलो.

मित्रांनो, त्याची कार्डे हिसकावू नका, लपवू नका. ते त्याचे बोलणे आहे. त्याच्या पिशवीत एक नवे कार्ड आहे. त्यावर दोन मुले आणि एक चेंडू आहे. ते त्याने अजून कोणालाच दिलेले नाही. तुम्हाला दिले, तर त्याला खेळात घ्याल ना?

— इयत्ता ६ वीतील एक विद्यार्थिनी