थंडीत उघड्यावर मुक्काम : ओझे कमी, ऊब जास्त

डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरात भरते आणि गोसीखुर्दच्या धरणग्रस्त वस्त्यांतून माणसे धरणे द्यायला निघतात. या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. तेव्हा कडेवर असलेली पोरे आज स्वतःची पोरे घेऊन मंडपात बसतात. मागण्यांचा कागद आपण नीट घडी घालून घेतो, अंथरूण-पांघरुणाचा विचार मात्र गाडी सुटताना होतो.

एका वर्षी आमच्यातल्या एका आजीने घरची कापसाची रजई आणली होती. ती उचलायला दोन पोरे लागली. रात्री आजी नुसत्या ताडपत्रीवर निजली, रजई अंगावर घेतली, तरी पहाटे कुडकुडत उठली. जमीन अंगातली ऊब सतत ओढून घेते. म्हणून आधी अंगाखाली घाला, मग अंगावर. खाली प्लास्टिक, त्यावर पुठ्ठा किंवा वर्तमानपत्रांचा जाड थर, मग सतरंजी. आपला भाग धानाचा. तणस भरलेले पोते गादीचे काम करते आणि वजनाला हलके असते. फक्त बिडीवाल्यांना त्यापासून दूर बसवा!

रजई घरीच राहू द्या. दोन पातळ ब्लँकेटांमधली हवा ऊब धरते. कापूस दवाने ओला झाला की लवकर वाळत नाही. कानटोपी, मोजे आणि झोपताना घालायचा कोरडा जोड वेगळ्या पिशवीत ठेवा. पातेले, बॅटरी चार घरांत मिळून एकच. भरलेली पिशवी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहा. पाच-सहा किलोंवर गेली तर काहीतरी बाहेर काढा.

औषधे मात्र काढू नका. बीपी, शुगरच्या गोळ्या जास्तीच्या दोन दिवसांच्या घ्या. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासींत सिकलसेल बराच आहे. थंडी आणि कमी पाणी, दोन्हींनी त्याचे दुखणे उठते. शौचालय लांब म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. मीही तेच केले आहे, त्यामुळे कोणाला रागावत नाही. पण सिकलसेल असलेल्यांनी हे करूच नये. शौचालय कुठे आहे ते पाहूनच बायांच्या झोपण्याची जागा ठरवा. दुखण्याबरोबर ताप, छातीत कळ किंवा धाप असेल तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

बंद तंबूत कोळशाची शेगडी नको. तिच्यातला विषारी वायू वासावरून कळत नाही. दारूने अंग गरम वाटते, पण आतली ऊब निघून जाते. कुडकुडणारा माणूस कुडकुडायचा थांबला, बरळू लागला, सुस्त पडला, तर त्याला बरे वाटले असे समजू नका. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, १०८ ला फोन करा. हातपाय चोळत बसू नका.