मरेपर्यंतची कैद आणि पश्चात्ताप

प्रश्न : फाशीऐवजी मरेपर्यंत कैद, आणि तीही पॅरोलविना, ही दया म्हणावी की क्रौर्य?
– एक वाचक, नांदगाव (जि. नाशिक)

उत्तर : मुंबईतील शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणातील तिघांची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२१ रोजी रद्द केली, ती मृत्यूने पश्चात्तापाचा अवसरच संपतो या कारणास्तव, आणि त्याच निकालान्वये त्यांना आमरण जन्मठेप सुनावून अभिवचन रजा (पॅरोल) व संचित रजा (फर्लो) या दोन्ही नाकारल्या. अपराध घोर होता, पीडितेच्या यातनांची भरपाई कोणत्याही शिक्षेने होणे नाही, आणि कैद प्रदीर्घच असावी, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. परंतु ज्याच्याकडून पश्चात्तापाची अपेक्षा धरावयाची, त्याचा पश्चात्ताप पंचवीस वर्षांनंतरही कोणी पारखावयाचा नाही, मरणोन्मुख मातेच्या उशाशी चार दिवस बसून, ठाण्यात हजेरी देऊन परतण्याचीही त्यास मुभा नाही, असे आरंभीच ठरवून टाकणे मला न्यायाशी विसंगत वाटते. कैद्यावर असा विश्वास टाकणे अशक्य नाही; औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून खुनाच्या कैद्यांना भिंतीवाचून, कुटुंबासह शेतीवर ठेवले होते, हे आपल्याच मुलखात घडले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रीहरन खटल्यात सूटरहित कैद बहुमताने वैध ठरविली. तथापि राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ व १६१ खालील राष्ट्रपती व राज्यपाल यांचा माफीचा अधिकार अबाधित आहे, आणि अशा कैद्यासही तेथे दाद मागता येते.