चाळीस वर्षे उभा आहे, म्हणून पक्का?



धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या काठी पिंपळनेर हे गाव आहे. पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर. याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या परिसरात पवनचक्क्यांच्या रांगा फिरताना दिसतात. त्या तेथेच का उभारल्या, हे सांगायला नको. उंचावर वारा जोरदार असतो. मात्र पवनचक्कीला हवासा वाटणारा हाच वारा दूरसंचाराच्या मनोऱ्याची परीक्षा घेतो.

समजा, अशाच एका टेकडीच्या माथ्यावर 1980 साली उभारलेला, 30 मीटर उंचीचा लोखंडी मनोरा आहे. हा मनोरा आपल्या हिशेबापुरता, कल्पनेतला. तो आजच्या नियमांत बसतो की नाही, हे कसे ठरवतात ते पाहू या.

तुम्ही म्हणाल, "चाळीस वर्षे वादळवारे सोसून उभा आहे, मग भीती कसली?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर फसवे आहे. संहितेत जो वाऱ्याचा मूळ वेग दिलेला असतो, तो सरासरीने 50 वर्षांतून एकदा ओलांडला जाणारा वेग. म्हणजे कोणत्याही एका वर्षी तो ओलांडला जाण्याची शक्यता शंभरात 2, न ओलांडला जाण्याची 98. आता 0.98 ला 0.98 ने गुणत जा आणि अशा 40 संख्यांचा गुणाकार करा. उत्तर सुमारे 0.45 येते. याचा अर्थ, चाळीस वर्षांत ते वादळ या मनोऱ्यावर एकदाही आलेच नसण्याची शक्यता शंभरात 45 आहे! ज्याची परीक्षाच झाली नाही, तो उत्तीर्ण झाला असे कसे म्हणावे?

आता संहितेकडे वळू. 'आय. एस. 875' या भारतीय मानकाच्या 1964 च्या आवृत्तीत नकाशावर वाऱ्याचा दाबच दिलेला होता. 1987 च्या आवृत्तीत त्याऐवजी वेगाचा नकाशा आला : जमिनीपासून 10 मीटर उंचीवर, 3 सेकंदांच्या झोताचा वेग. शिवाय उंची, भोवतालचा मुलूख आणि टेकडीचा उतार यांसाठी वेगवेगळे गुणक आले. 2015 मध्ये या भागाची पुन्हा नवी आवृत्ती निघाली. आपला मनोरा 1987 च्या आधीचा, म्हणून हिशेब नव्याने मांडला पाहिजे.

नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला 39 मीटर दिला आहे. तोच घेऊ. दूरसंचार मनोरा महत्त्वाचा, म्हणून गुणक 1.06. तुरळक झाडे-घरे असलेल्या उघड्या मुलखात 30 मीटर उंचीसाठी गुणक 1.12. गुणाकार करा : वेग सुमारे 46.3 मीटर. दाब काढण्याचे सूत्र सोपे आहे. वेगाचा वर्ग करून 0.6 ने गुणायचे. उत्तर येते दर चौरस मीटरला सुमारे 1286 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 131 किलो वजनाइतका रेटा.

हे झाले सपाट जमिनीवर. टेकडीवर वारा उतारावरून चढताना वेग घेतो. त्यासाठीचा गुणक 1.36 पर्यंत जाऊ शकतो. आपण 1.2 धरू. वेग 1.2 पट झाला की दाब 1.44 पट होतो. 131 चे 189 किलो झाले! वेगाचा वर्ग करायचा असतो, हे विसरून चालणार नाही.

हा दाब मनोऱ्याच्या दांड्यांवर आणि त्यावर टांगलेल्या अँटेनांवर येतो. पूर्वी दोन तबकड्या असतील, तर आज दहा अँटेना असू शकतात. म्हणून अभियंता प्रथम प्रत्येक अँटेनाचे क्षेत्रफळ मोजतो. मग लोखंडी अँगलची जाडी मोजतो. 6 मिलिमीटरचा अँगल गंजून 5 मिलिमीटर उरला असेल, तर त्याचा सहावा हिस्सा लोखंड गेले. सैल वा गळालेले नटबोल्ट, नाहीसे झालेले तिरपे दांडे, मनोऱ्याचा कल, हे सारे तो टिपून घेतो. शेवटी पाया. वारा ज्या बाजूने येतो, त्या बाजूचा पाय जमिनीतून उपटला जाऊ पाहतो, तर समोरचा पाय दाबला जातो. दोन्ही सोसण्याइतके काँक्रीट जमिनीत आहे ना, हे पाहावे लागते.

मग प्रत्येक दांड्यावर येणाऱ्या भाराला त्याच्या ताकदीने भागतात. उत्तर 1 पेक्षा कमी आले तर दांडा पास. जास्त आले तर नापास. नापास म्हणजे लगेच मनोरा पाडायचा असे नव्हे. निकामी अँटेना उतरवता येतात, कमकुवत दांड्यांना जोड देता येतो, पाया रुंदावता येतो.

एवढा खटाटोप कशासाठी? मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी 158 किलोमीटर आहे. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपर येथे एक प्रचंड जाहिरात फलक वादळात कोसळला आणि 17 माणसे दगावली. त्याचा पाया ताशी 49 किलोमीटर वाऱ्यापुरताच होता, असे नंतरच्या तपासणी अहवालात म्हटले होते. वर्गाचा हिशेब करा : दाब सोसण्याची ताकद गरजेच्या दहाव्या हिश्श्याइतकीच!

आता तुमच्या गावातला मनोरा दुरूनच न्याहाळा; जवळ जाऊ नका, चढू तर मुळीच नका. तो सपाटीवर आहे की टेकडीवर? अँटेना किती? गंजाचे डाग दिसतात का? वहीत टिपून ठेवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. एखादा दांडा निखळलेला दिसला, तर गुरुजींना आणि ग्रामपंचायतीला जरूर कळवा.