'खासगी' आणि 'गोपनीय' : एक शब्दार्थविचार

'खासगी' ही संज्ञा एके काळी राजघराण्यांची होती. होळकरांकडे दौलतीहून वेगळ्या, घराण्याच्या मिळकतीस ती लावीत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हा ती नागरिकाची झाली, असे म्हणता येईल. त्या हक्कास 'गोपनीयता' असेही म्हणतात. हा शब्द मात्र कचेरीतला. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर, डिसेंबर २००८ मध्ये, संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्ती मंजूर केली. २००९ च्या नियमांनी संगणकीय संदेशांवर पाळत ठेवण्याचे आदेशही गुप्त राखणे बंधनकारक केले. ज्याचे ई-मेल वाचले जातात, त्याला ते कळविले जात नाही. मग त्याने दाद मागावी कशाच्या आधारे? 'गोपनीयता' येथे पुन्हा शासनाकडेच जाते. आदेश तपासणारी समितीही सचिवांचीच असते.