प्रतिज्ञा न म्हणणारा मुलगा

एक्सचेंजवर अमेरिकन हायस्कूलमध्ये गेलं की आधी नजरेत भरतात पिवळ्या बसेस, लॉकर्स आणि तासागणिक वर्ग बदलणारी मुलं. तिथे शिक्षक जागेवर, विद्यार्थी फिरते. मलाही पहिल्यांदा हेच दिसलं. समजून घ्यावी लागली ती सकाळची प्रतिज्ञा. बहुतेक मुलं झेंड्याकडे तोंड करून, छातीवर हात ठेवून ती म्हणत. एखादा मात्र गप्प बसून राही, आणि कुणी त्याला रागावत नसे.

शाळेत रोज प्रतिज्ञा म्हणत वाढलेल्या आपल्याला हा बेशिस्तपणा वाटेल. पण तो त्याचा हक्क आहे. १९४३ मध्ये बार्नेट खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की शाळेला ही सक्ती करता येणार नाही. खटला लढणारी कुटुंबं यहोवाज विटनेसेस पंथाची होती. याच पंथाची केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहत, पण गात नसत. म्हणून त्यांना शाळेतून काढलं. १९८६ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने ते चुकीचं ठरवलं.

म्हणून प्रवासवर्णन वाचताना किंवा लिहिताना एवढं विचारावं: जे वेगळं दिसलं, त्यामागे नियम कोणता, आणि तो कुणाच्या झगड्यातून आला?