मेलाटोनिन आणि नेत्राभ्यंतर शोथ : एक विचार

मीरा रोडच्या पूनम सागर परिसरातील औषधी दुकानांत झोपेसाठी मेलाटोनिनच्या गोळ्यांची विचारणा नवी राहिलेली नाही. रात्रपाळी करून दिवसा झोपणारा वर्ग येथे मोठा आहे. हेच द्रव्य डोळ्याच्या शोथावरही उपयोगी पडेल काय, हा प्रश्न काही वैद्यबंधूंनी उपस्थित केला, म्हणून हा लेखनप्रपंच.

सन १९५८ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात एरन लर्नर व सहकाऱ्यांनी गायीबैलांच्या पिनिअल ग्रंथींपासून मेलाटोनिन वेगळे केले. अंधारात त्याचा स्राव वाढतो, प्रकाशाने घटतो. दृष्टिपटलातही ते निर्माण होते.

परितारिका, रोमक पिंड व रंजितपटल यांच्या शोथास युव्हिआयटिस म्हणतात. सन २००८ मध्ये अर्जेंटिनातील संशोधकांनी हॅमस्टर प्राण्यांच्या डोळ्यात जिवाणूंचे विषद्रव्य टोचून असा शोथ उत्पन्न केला. मेलाटोनिन दिलेल्या प्राण्यांत प्रथिने व पेशींचा पाझर कमी झाला आणि दृष्टिपटलाचे कार्य टिकून राहिले. टीएनएफ-अल्फा व नायट्रिक ऑक्साइड यांच्याशी निगडित शोथक्रियाही मंदावली. मात्र या प्रयोगात मेलाटोनिन विषद्रव्यापूर्वी दोन तास दिले होते. आपला रुग्ण शोथ झाल्यावर येतो. प्रतिबंध व चिकित्सा यांतील हे अंतर विसरता येणार नाही.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात नेत्ररोगांच्या हेतूंमध्ये स्वप्नविपर्यय सांगितला आहे. निद्रा व नेत्र यांचा संबंध आपल्या शास्त्रास नवा नाही. तथापि स्वप्नविपर्यय म्हणजेच मेलाटोनिनची न्यूनता, असे समीकरण मांडणे घाईचे ठरेल. निदानपरिवर्जन म्हणून रात्रीजागरण व दिवास्वाप टाळण्यास सांगणे मात्र सर्वथा उचित होय.

व्यवहारात मुख्य प्रश्न कालाचा आहे. उपेक्षित अभिष्यंदातून अधिमंथ होतो आणि तो काही अहोरात्रांत, पित्तज असल्यास तत्काळ, दृष्टी नष्ट करतो, असा सुश्रुताचार्यांचा इशारा आहे. लाल डोळ्यासोबत खोल वेदना, प्रकाशासहत्व, अंधुक दृष्टी किंवा वेडीवाकडी बाहुली दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. बाहुली चिकटू नये म्हणून ती विस्फारणारे थेंब वेळीच लागतात. क्षय, फिरंग यांसारखी कारणे शोधावी लागतात. पुराच्या पाण्याशी संपर्क आल्यानंतर ज्वर आला होता काय, हेही विचारावे. कारण लेप्टोस्पायरोसिसनंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी असा शोथ उद्भवू शकतो.

औषधविक्रेत्या बंधूंनी चिठ्ठीविना स्टिरॉइडचे थेंब देऊ नयेत. हर्पिसजन्य व्रणात ते घातक ठरतात व नेत्रदाबही वाढवितात. मेलाटोनिन घेणाऱ्यास वॉरफॅरिन किंवा फ्लुव्हॉक्झामिन चालू आहे काय, हे विचारावे. घरी केलेले निर्जंतुक नसलेले आश्च्योतन अशा डोळ्यात टाळावे.

सारांश, युव्हिआयटिसवर मेलाटोनिन हा आज संशोधनाचा विषय आहे. प्रस्थापित उपचार नव्हे. त्याच्या आशेवर रुग्णाचा एक दिवसही दवडू नये, एवढेच आमचे सांगणे.